बिनतोफेची गाडी

चष्मेवाल्याने ते खोकं कपाटाच्या माथ्यावर, जादा गाद्यांच्या मागे सरकवून ठेवलं होतं. घरात या विषयाचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. त्याच्या कामाच्या टेबलावर बायकोने एक जुनी चादर टाकली होती आणि ती उचलायची हिंमत त्याला आजवर झाली नव्हती. चादरीखाली कात्री, चिमटे, पॉलिश पेपरचे तुकडे, वाळून खडखडीत झालेले रंग, सगळं होतं तसंच पडलं होतं.

चष्मेवाला म्हणजे दुकानाचा मालक नव्हे. दुकान दुसऱ्याचं. हा मागच्या खोलीत यंत्राशी बसून काचा घासायचा आणि फ्रेममध्ये बसवायचा. दिवसभर परक्यांच्या डोळ्यांची सोय बघून याचे स्वतःचे डोळे असे शिणायचे, की घरी परतताना रस्त्यावरच्या दिव्यांना केसाळ कडा दिसायच्या. तरी पूर्वी जेवण उरकलं की गडी भिंगाचा दिवा जवळ ओढायचा आणि प्लॅस्टिकच्या इवल्या तोफा जोडत बसायचा.

तोफा म्हणजे कुठल्याही नव्हेत. पट्ट्यांवर चालणाऱ्या, पोटात स्वतःचं इंजिन असलेल्या. बापलेक त्यांना 'चालत्या तोफा' म्हणत. त्यातही एकाच गाडीचे सगळे अवतार गोळा करायचा त्याला नाद. पहिली आखूड नळीची, मग लांब नळीची, मग नळीच्या टोकाला भोकांचा ठोकळा असलेली, मग तिच्यामागून दारूगोळा वाहून नेणारी तिचीच बहीण. बघणाऱ्याला सगळ्या एकसारख्या. मेहुणी घरी आली की फडताळाकडे बघून म्हणायची, "भाऊजी, रणगाडे वाढले की हो." आणि हा दरवेळी तितक्याच उत्साहाने समजावायचा, की रणगाडा समोर जाऊन भिडतो, ही मागे लांब उभी राहून मारा करते, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेहुणी मान डोलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा रणगाडेच म्हणायची.

हे सगळं मन लावून ऐकणारा घरात एकच होता, तो म्हणजे बारक्या. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून बारक्या. पुढे दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागलं तरी नाव तेच चिकटलं. सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीत जोडलेले येत, ते कापून देणं, त्यांच्या कडा घासणं, पट्ट्याची एकेक कडी जोडणं, ही त्याची कामं. शाळेच्या अभ्यासात जेमतेम, पण कुठल्या तोफेची नळी मागे किती सरकते ते झोपेतून उठवून विचारा. बापाला त्याचं कोण कौतुक. मग एके दिवशी बारक्या सैन्यात भरती झाला, आणि कुठे जायचंय असं विचारल्यावर त्याने तोफखाना सांगितला.

त्याची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. चादरींचे ढीग उपसून तिचे खांदे कायम भरलेले. ती बातमी ऐकून रडली नाही की भांडली नाही. नवऱ्याला तिने एवढंच विचारलं, की ही तुमची गाडी असते कुठे? "अगं, मागं असते," तो म्हणाला होता. "लढाई पुढं, ही कितीतरी मैल मागं. निर्धास्त राहा." तिने नक्की का म्हणून विचारलं. त्याने नक्की म्हणून सांगितलं.

पुढे सीमेवर ठिणगी पडली. टीव्हीवर रोज काहीबाही दाखवू लागले, आणि धुलाईघरातल्या बायकांकडून तिला कळलं, की तिकडच्यांकडेही लांब मारा करणाऱ्या तोफा आहेत आणि त्या आधी इकडच्या तोफाच शोधत असतात. त्या संध्याकाळी तिने टेबलावर चादर टाकली. तेव्हापासून नवराबायकोत घर चालण्यापुरतंच बोलणं उरलं. नळ गळतोय, किराणा संपलाय, उद्या मला उशीर होईल. रागापेक्षा ते सोपं होतं, आणि दोघंही इतकी दमलेली असत की सोपं तेच चालू राहिलं.

बारक्या सुट्टीवर येतोय असं कळलं, तेव्हा चष्मेवाल्याने दुकानातून परस्पर जाऊन ते खोकं आणलं. बारक्या ज्या गाडीवर होता, हुबेहूब तीच. आतल्या सगळ्या सामानासकट. बसायच्या जागा, गोळ्यांच्या घडवंच्या, भिंतीवरचे डबे. पोरगा येईल, पूर्वीसारखा शेजारी बसेल, हात चालू झाले की तोंडंही उघडतील, असा त्याचा हिशोब होता. हिशोब कसला, मनाची समजूत.

पोरगा आला तो झोपायलाच आल्यासारखा. दिवसाढवळ्या, कपड्यांनिशी, तोंड भिंतीकडे करून पडून राहायचा. जेवायला उठवलं की ताटात बघत जेवायचा. काही बोललं की डावा कान पुढे करायचा. उजव्याने कमी ऐकू येतं हे त्याने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. आईने त्याचे कपडे धुतले, हुंगून बघितले, पुन्हा धुतले. दिवसभर दुसऱ्यांची धुणी धुऊन आलेली बाई घरीही बादलीशी ओणवी व्हायची. चष्मेवाला मी धुतो म्हणायला गेला तर ती बादली सोडायची नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दुपारी, बायको कामावर असताना, चष्मेवाल्याने खोकं खाली काढलं. टेबलावरची चादर घडी करून खुर्चीवर ठेवली. बारक्या चहाचा कप घेऊन येऊन बसला. झाकणावरचं चित्र त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "छान आहे, बाबा." परक्या माणसाच्या घरी गेल्यावर म्हणतात तसं.

चष्मेवाल्याने तिकडे कानाडोळा केला. उत्साहाने भागांची एकेक चौकट काढून दाखवू लागला. हे बघ, इंजिन पूर्ण दिलंय. हे बघ, चालकाची जागासुद्धा, गादीच्या शिवणीसकट. बारक्याने ती चौकट हातात घेतली. नखाएवढ्या त्या खुर्चीवर अंगठा ठेवला.

"इथं मास्तर बसायचा," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. सलग नाही, मध्येमध्ये थांबत, चहा गार होईपर्यंत. मास्तर म्हणजे त्यांच्या गाडीचा चालक, पूर्वी शाळेत शिकवायचा म्हणून मास्तर. कुणी शिवी दिली तरी व्याकरण सुधारून द्यायचा. मारा करायचा आणि लगेच जागा सोडायची असा त्यांचा शिरस्ता, कारण तिकडच्यांना धूर दिसला की उलटे गोळे येतात. त्या दिवशी गाडीचा पट्टा उतरला, जागा सोडता आली नाही आणि उलटा गोळा गाडीवरच आला. बारक्या गोळे आणायला मागच्या दारूगोळ्याच्या गाडीकडे गेला होता म्हणून वाचला. आत होते त्यांच्यापैकी दोघं बाहेर पडले. मास्तर पडला नाही. मग मागून क्रेनवाली गाडी आली. तोफ नसलेली, वर नुसता लोखंडी हात आणि दोरखंड. वरून गोळे येत असताना तिच्यावरची माणसं खाली उतरली, साखळ्या लावल्या, आणि जे ओढून आणायचं ते ओढून आणलं. मास्तरलाही.

"मी त्या गाडीवर बदली मागितलीय," बारक्या म्हणाला. "तिकडं निदान कुणाला तरी घेऊन येता येतं."

थोड्या वेळापूर्वी आपण त्या गादीच्या शिवणीचं कौतुक करत होतो, हे चष्मेवाल्याला आठवलं. त्याने पोराच्या हातातली चौकट हळूच काढून घेतली, खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"हे राहू दे," तो म्हणाला.

"ती क्रेनवाली मिळत नाही का, बाबा?"

"नाही मिळत. बिनतोफेची गाडी कोण विकत घेतंय?" तो म्हणाला, आणि मग सवयीनेच त्याचे डोळे खोक्याकडे वळले. खालची गाडी तर तीच. पट्टे तेच, चाकं तीच. "पण करता येईल."

झाकण पुन्हा उघडलं. वरचा घुमट आणि तोफेची नळी बाजूला काढून त्याने पिशवीत बांधली. घुमटाच्या भोकावर प्लॅस्टिकचा पत्रा कापून बसवला, फटी पुट्टीने भरल्या. क्रेनचा हात कसला करायचा यावर बरीच काथ्याकूट झाली; शेवटी चष्म्याच्या मोडक्या काड्या उपयोगी पडल्या. बारक्या आठवून सांगायचा. इथे कप्पी असते, इथे पहार अडकवलेली असते, हे पुढचं पातं जमिनीत रुततं. मापं चुकत होती. एकदा हात इतका लांब झाला की गाडी पुढे कलंडली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बारक्या नाकातून का होईना, पण हसला.

आई आली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. तिने खुर्चीवरची घडी केलेली चादर बघितली. चष्मेवाला हातातला चिमटा तसाच धरून राहिला. ती आत गेली, हातपाय धुऊन आली आणि उभ्याउभ्याच तिने बारक्याला विचारलं, की याला तोफ का नाही. त्याने तिला बदलीचं सांगितलं. मास्तरचं सांगितलं नाही. ऐकून ती नवऱ्याकडे वळली.

"ही तरी मागं असते का?"

बारक्या बापाकडे बघत होता. हो म्हणा, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. हो म्हणणं सोपंही होतं. बाई दिवसभराची थकलेली, तिला निदान सुखाने जेवता आलं असतं.

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "ही पुढं जाते. जिथं दुसरी गाडी पडलीय, तिथंच जाते."

ती खुर्चीवर बसली, चादरीच्या घडीवरच. बराच वेळ खांदा दाबत राहिली.

"तोफेचंही असं खरं तेव्हाच सांगायचं होतं."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मग माहीत नाही म्हणायचं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

चुकलं, एवढंच तो म्हणाला, तेही चिमट्याकडे बघत. तिने मान हलवली. माफ केलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. मग टेबलावरची तांब्याची तार उचलून ही कशाला म्हणून विचारलं. ओढायचा दोरखंड करायचाय, बारक्या म्हणाला, पण बाबांना बारीक तारा दिसत नाहीत आणि माझे हात थरथरतात. तिने तारेचे पदर सुटे केले आणि पीळ घालायला सुरुवात केली. पिळे घालायची सवय तिच्या हातांना होतीच. जेवणं त्या दिवशी उशिरा झाली आणि कुणाची तक्रार नव्हती.

सुट्टी संपली तेव्हा गाडीला रंग लागायचा होता. बारक्या गेला. निरोप देताना आई त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बोलली. घरी येऊन दोघं न जेवताच आडवी झाली.

नंतर सगळं सुरळीत झालं, असं काही म्हणता येणार नाही. बदली लगेच झाली नाही. दुसरा माणूस मिळेपर्यंत पोराला तोफेवरच ठेवलं. ते दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांना ठाऊक. तो काचा घासायचा, ती चादरी पिळायची, आणि संध्याकाळी दोघं टेबलाशी बसायची, कारण दुसरीकडे कुठे बसवत नव्हतं. रंग तिने दिला. याला आता ब्रशचं टोक नीट दिसत नसे. ती विचारायची, हा हिरवा कुठवर न्यायचा, आणि तो बोट ठेवून दाखवायचा. मध्येच ती म्हणायची, तुम्हाला नाही तर नाही माहीत, अंदाज नका सांगू. तो म्हणायचा, नाही माहीत. मग ते तेवढं कोरं सोडून ती पुढे जायची.

थंडी सरत आली तेव्हा बदली झाल्याचं कळलं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका संध्याकाळी ती दोघं नुकतीच कामावरून आलेली असताना बारक्याचा फोन आला. तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पोराचा आवाज घोगरा, दूरचा. सकाळी एक गाडी ओढून आणली म्हणाला. आतली सगळी जिवंत होती. सगळी, असं त्याने पुन्हा सांगितलं. जेवलास का म्हणून आईने विचारलं. त्याने हूं केलं. बापाने दोरखंड टिकला का विचारलं, तेव्हा उत्तर आलं नाही.

दोघं फोनवर वाकली. पलीकडे कुठेतरी इंजिन सुरू होतं, आणि त्याच्या अलीकडे, अगदी जवळ, संथ घोरणं. बोलताबोलता झोपला होता.

"बंद करू का?" चष्मेवाल्याने हळू आवाजात विचारलं.

"राहू दे जरा," ती म्हणाली, आणि पायातल्या चपला तशाच ठेवून खुर्चीला टेकली. त्यानेही पिशवी खाली ठेवली. खोलीत अंधारून येत होतं. दिवा लावायला कुणी उठलं नाही.