गौरीच्या अंगावरचं सोनं

बोळिंजच्या फ्लॅटमध्ये गणपतीत बसवलेल्या गौरीच्या अंगावर पाच नग होते: ठुशी, दोन पाटल्या, नथ आणि गिरीज गावात राहणाऱ्या, उन्नतीच्या थोरल्या जाऊबाईंनी मानाने घातलेली बोरमाळ. चोराने पाचही नेले.

"बोरमाळ पॉलिसीत नोंदवलेली नाही," विम्याचा सर्व्हेअर म्हणाला. "घरची असेल तर वीस हजारांपर्यंत मिळतील, दुसऱ्याची असेल तर काहीच नाही. कोणाची?"

"आमचीच!" सासूबाई पटकन म्हणाल्या.

खोटं पकडलं गेलं, तर सगळाच दावा बुडणार होता.

"जाऊबाईंची आहे," उन्नती म्हणाली.

"अगं, गौरीला घातलं की घरचंच झालं ना! आता थोरलीला काय तोंड दाखवू?"

चोरीला गेलेल्या बहात्तर ग्रॅमपैकी बोरमाळेचे चोवीस वगळून अठ्ठेचाळीस ग्रॅमची भरपाई मिळाली.