पाहणीतली आई

गाडीची पायरी आपोआप बाहेर आली, तशी कवळीवाली थबकली. कडेवर धाकटी, खांद्यावर दुपट्यांची पिशवी आणि बोटाला लोंबकळणारा थोरला, एवढा संसार घेऊन तिने पाय उचलायची तयारी केली होती. आता तो उचलायची गरजच उरली नव्हती.

"चढा, चढा वहिनी," नवऱ्याचे साहेब म्हणाले. "तुमच्यासारख्यांसाठीच केलीय ती."

ती चढली. आत नव्या कापडाचा आणि डिंकाचा वास होता. गाडीला इंजिन नव्हतं. ती प्रदर्शनात मांडण्यापुरती घडवलेली, एकुलती एक होती. तरुण कुटुंबाच्या सुखासाठी उद्याची गाडी कशी असेल ते लोकांना दाखवायचं, आणि लोकांनी हळहळून आपापल्या आजच्या गाडीत बसून घरी जायचं, असा एकूण बेत. त्याआधी शनिवारी सकाळी कामावरच्या लोकांची बायकामुलं बोलावून त्यांना आत बसवून बघत होते. बसणाऱ्यांनी कौतुक करावं अशी अपेक्षा होती, आणि बसणारे घरचेच असल्यामुळे तशी काळजीही नव्हती.

गाडीचा आतला सगळा भाग तिच्या नवऱ्याने आखला होता. तो दाराशी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. ज्या माणसाचा शर्ट इतका कडक असतो, त्याच्या घरी दुसरं कोणीतरी चुरगळलेलं असतं. पण शर्टाचं कौतुक करताना तिकडे कोण बघतो.

कवळीवाली हे नाव नवऱ्याच्या मित्रांनी पाडलेलं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची. धाकटीच्या वेळी घरी बसली ती अजून घरीच होती. सोमवारी मात्र पुन्हा जायचं होतं. लॅबच्या काकांनी तिचं टेबल तसंच ठेवलं होतं, आणि नवरा सोमवारपासून मुलांसाठी मोठी रजा घेणार होता. गाडी पुरी होऊ दे, मग तुझी पाळी, असं त्यानेच कबूल केलं होतं. आणि गाडी तर समोर दारं उघडून उभी होती.

"बसा ना मधल्या सीटवर," साहेब म्हणाले. "हं, आता डावीकडचा खटका दाबा."

सीट सावकाश फिरली आणि मुलांच्या सीटांकडे तोंड करून थांबली.

"याची गंमत सांगतो," साहेब बाहेर जमलेल्या बायकांकडे वळले. "आमच्या पाहणीत एक आई म्हणाली, मागे वळून वळून माझी मान आता तशीच राहणार. लोक मला पाठमोरीच ओळखतील."

बायका हसल्या. कवळीवालीही हसली, आणि मग हसू तोंडावर तसंच राहून गेलं. हे वाक्य तिचं होतं. धाकटी महिन्याची असताना डॉक्टरांकडून येताना, घामाने भिजून, रडकुंडीला येऊन ती हे बोलली होती. नवरा गाडी चालवत होता. तो नुसता "हं" म्हणाला होता.

साहेबांनी सीटखालचा कप्पा ओढून दाखवला. पडलेलं खाणं, खेळणी, सगळं घरंगळत त्यात येणार होतं.

"तीच आई म्हणते, माझं अर्धं आयुष्य सीटखाली बिस्किटं शोधण्यात गेलं, उरलेलं अर्धं ती कोणी टाकली यावरून भांडण्यात जाईल."

हेही तिचंच. तेव्हाही "हं".

मग छातीशी धरलेल्या बाळाच्या उंचीला येणारा हात टेकायचा आधार. झोपलेलं मूल जागं होणार नाही असा मंद दिवा. प्रत्येक वस्तूबरोबर साहेब त्या आईचं एकेक वाक्य सांगत होते, आणि कवळीवालीला एकेक रस्ता, एकेक दुपार, एकेक "हं" आठवत होतं. इतके दिवस ती समजत होती की तिचं बोलणं काचेला धडकून खाली पडतंय. आणि इथे तर त्याने ते वेचून, झटकून, कापड लावून बसवलं होतं. तो "हं" म्हणजे पोच होती तर.

तिने नवऱ्याकडे बघितलं. राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट कान गरम झाले, कोणीतरी चारचौघांत कौतुक केल्यासारखे. सीटवर ती जरा सैलावून बसली. धाकटीने आधाराचं कापड चोखायला घेतलं, तेही तिने चोखू दिलं. ती आई मीच, हे आता साहेबांना सांगावं की नवऱ्यालाच सांगू द्यावं, एवढाच प्रश्न उरला होता.

"पाय पसरून बघा," साहेब म्हणाले. "हातभर जागा जास्त आहे. ती कुठून काढली असेल? ड्रायव्हरची सीट पुरुषाच्या उंचीला पक्की केली. पुढेमागे सरकायची भानगडच नाही."

बाहेर उभी असलेली एक बुटकी बाई म्हणाली, "आणि मला चालवायची असली तर? माझे पाय कुठे पोचतायत?"

"मीही ह्याला हेच विचारलं होतं." साहेबांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "पण ती आई काय म्हणाली सांगू? म्हणाली, मला आता कुठे जायचंय? मुलं मोठी होईपर्यंत मी मागेच बरी. मग म्हटलं, संपलं. गिऱ्हाईकच म्हणतंय तर आपण कोण?"

"तिचं बरंय," बुटकी बाई म्हणाली. "मला तिचा पत्ता द्या."

सगळे हसले. कवळीवालीने सगळे रस्ते पुन्हा आठवून पाहिले. डॉक्टरांचा, बाजाराचा, आईच्या घरचा. हे वाक्य तिला कुठेच सापडलं नाही. वळण तिच्या बोलण्याचं होतं, नेमकं होतं. ती चिडून बोलली असती तर असंच बोलली असती. पण ती बोलली नव्हती.

नवरा दाराच्या कडेवरची धूळ रुमालाने पुसत होता. तिथे धूळ नव्हती.

"काय वहिनी, पटतं ना?" साहेबांनी विचारलं.

"सीट छान आहे," ती म्हणाली, आणि धाकटीच्या तोंडातून कापड सोडवलं.

परत निघताना ती घरच्या गाडीत, हल्ली बसायची तशी मागे बसली, दोन मुलांच्या दोन सीटांच्या मध्ये, गुडघे हनुवटीशी घेऊन. नवरा खुशीत होता.

"काही बोलली नाहीस?"

"रजा मंजूर झाली का रे?"

"होईल. सोमवारी बोलतो साहेबांशी."

"सोमवारी तर सुरू व्हायची होती."

"हं," तो म्हणाला.

थोरल्याने बूट काढून पुढच्या सीटखाली टाकला. तिने तो शोधला नाही.

"लॅबवरून घे," ती म्हणाली. "माझा एप्रन तिथेच राहिलाय. धुवायला हवा."

"आत्ता? तिथे गाडी लावायला जागा नसते. उद्या मी आणतो ना."

"उद्या बंद असते."

त्याने आरशातून तिच्याकडे बघितलं, आणि वळण घेतलं.

लॅबच्या दारासमोर, लावायला मनाई होती तिथेच, त्याने गाडी उभी केली. "पटकन ये हं," असं दोनदा म्हणाला. धाकटी सीटमध्ये पट्ट्यांशी झगडायला लागली होती. एरवी कवळीवालीने तिला काढून बरोबर घेतलं असतं. आज तिने फक्त दार लावलं.

आत काका एकटेच होते. चष्मा कपाळावर चढवून एका कवळीचा खालचा जबडा उजेडात फिरवून बघत होते. तिला बघताच त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच ओशाळा झाला.

"ये गं. निरोप घ्यायला आलीस होय? म्हटलं, आता ही कशाची येते."

"निरोप कसला, काका?"

"परवा फोन आला होता की तुझ्या मिस्टरांचा. म्हणाले, त्यांना गाडी घेऊन फिरतीवर जायचंय. गावोगाव प्रदर्शनं आहेत म्हणे. आणि तुझंही मन आता घरातच रमलंय." काकांनी जबडा खाली ठेवला. "मला जरा लागलं, खरं सांगतो. म्हटलं, पोरीने स्वतः तरी फोन करायचा. मी म्हणालो पण त्यांना, तिला द्या फोन. तर म्हणाले, तिला सांगायला संकोच वाटतोय."

"मी काय म्हणाले, असं सांगितलं त्याने?"

"आता शब्द कुठले लक्षात राहतायत." त्यांनी चष्मा खाली ओढला. "तेच आपलं. मला आता कुठे जायचंय, मुलं मोठी होईपर्यंत मी घरीच बरी. तुझी बोलायची तऱ्हाच ना ती, म्हणून मी विश्वास ठेवला."

बाहेर हॉर्न वाजला. दोनदा, हलकेच, सभ्यपणे.

तिचं टेबल खिडकीशी होतं. त्यावर कोणीतरी फडकं मारून हत्यारं ओळीत लावली होती, ती लावायची त्याच्या उलट क्रमाने. एप्रन खुंटीवर होता. धुतलेला, घडी पाडून इस्त्री केलेला.

"तो मी धुऊन घेतला," काका म्हणाले. "नवी मुलगी बघितलीय. हात बरा आहे, पण घाई फार करते. सोमवारी ये म्हणून सांगायचंय तिला. अजून सांगितलेलं नाही."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब. त्याच्यामागून धाकटीचं रडणं आलं. आधी हुंदक्यांनी, मग सलग, श्वास न घेता, जसं ती भुकेने रडते तसं. दुधाने कवळीवालीच्या ब्लाउजला ओल आली. तिने पिशवी छातीशी धरली.

"तू खरंच असं म्हणाली होतीस ना गं?" काकांनी विचारलं. "नाही म्हणजे, मला एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे."

रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीने नवऱ्याला शिव्या घातल्यासारखा हॉर्न दिला. थोरलाही रडायला लागला असावा. नवऱ्याचा आवाज मधेच चढून तुटला; त्याने कोणाला हाक मारली ते कळलं नाही.

कवळीवाली टेबलापाशी गेली. खिडकी लावली, वरची खिटी ओढली, खालचीही ओढली. मग काकांकडे वळून बोलायला लागली.