मतदानाच्या दिवशी सुटलेली जोडी

मित्रांनो, ट्रॅक्टरच्या या दिवसांत तुमच्यापैकी किती जणांनी मला पाहिले असेल, कोण जाणे. मी एक जुने जू आहे. दोन बैलांच्या मानेवर जे लाकूड आडवे ठेवतात, तेच मी. माझ्याशिवाय बैल नुसते दोन असतात, त्यांची जोडी होत नाही. तुम्हाला ही फुशारकी वाटेल, पण लाकडाला खोटे बोलता येत नाही.

माझे लाकूड झरी जामणीच्या रानातल्या तिवसाचे. वामनराव सुताराने मला तासले, दोन्ही टोकांना भोके पाडली आणि त्यांत शिवळा बसवल्या. शिवळा म्हणजे बैलाची मान जागेवरून सरकू नये म्हणून लावलेल्या खुंट्या. मग त्याने मला मधोमध दोरी बांधून टांगले. एक टोक जरासे खाली गेले. त्याने पुन्हा रंधा हातात घेतला.

"दोघायचं जू हाये हे," तो म्हणाला, "एकाकडं झुकलं तं बैलाच्या आधी मालकच भांडतीन."

ते दोघे मालक म्हणजे पुंडलिकराव आणि देवीलाल. मी दोघांनाही एकेरीत हाक मारतो. बावीस वर्षांच्या सोबतीचा तेवढा हक्क आहे. पुंडलिकराव केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावचा, पिढीजात शेतकरी. देवीलाल गावापासून अर्ध्या कोसावरच्या तांड्यातला. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. तांडा इथे स्थिरावला त्याला चार पिढ्या झाल्या. देवीलालच्या वावरातही कापूस, तूर आणि सोयाबीनच पिकते.

दोघांकडे बैल एकेकच. दोन बैल पोसण्याइतका कडबा दोघांच्याही घरी नव्हता, आणि एका बैलाने डवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधले तण काढायचे औत, चालत नाही. म्हणून त्यांनी सावड केली. एक बैल याचा, एक त्याचा, जू दोघांचे. आज याच्या वावरात काम, उद्या त्याच्या. आधी कोणाकडे जायचे, हा वाद कधी झालाच नाही. ज्याच्या वावरात पाऊस आधी पडे, त्याच्याकडे आधी. बैल म्हातारे झाले, बदलले, पण सावड तशीच राहिली. आता माझ्या एका बाजूला पुंडलिकरावचा मोऱ्या असे आणि दुसऱ्या बाजूला देवीलालचा बांड्या. पुंडलिकराव मोऱ्याशी वऱ्हाडीत बोले, देवीलाल बांड्याशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. मला दोन्ही कळे. गावात भाऊ-भाऊ भांडले की लोक म्हणत, "जा, त्या दोघायची सावड पाहून या." तेव्हा मी मनातल्या मनात फुगून जायचो.

यंदाच्या पावसाळ्यात ते सगळे बिघडले.

दिल्लीत सरकारने एका परक्या देशाशी करार केला होता. तिकडचा कापूस आपल्याकडे बिनकराचा यायचा आणि आपले शिवलेले कपडे तिकडे जायचे. विरोधकांनी या करारावर संसदेत मतदान मागितले. कोणता खासदार फुटणार, कोण आजारी पडणार, याचीच चर्चा पंधरा दिवस पारावर चालली होती. आमदाराच्या निवडणुकीलाही मी इतका आरडाओरडा ऐकला नव्हता.

पुंडलिकरावचे म्हणणे सरळ होते. बाहेरचा कापूस आला की आपल्या कापसाला कोणी विचारणार नाही. देवीलालच्या वावरातही कापूसच होता, त्यालाही हे कळत होते. पण त्याची लेक बबिता शहराजवळच्या कपड्याच्या कारखान्यात शिलाईला होती. होळीपासून कारखान्याने अर्ध्या मुलींना घरी बसवले होते. करार झाला की सगळ्यांना परत बोलावू, असे साहेबाने सांगितले होते. बबिताच्या पगारावर धाकट्या राखीचे नर्सिंगचे शिक्षण चालले होते. देवीलालला करार हवा होता, पण मोकळेपणाने हवा म्हणता येत नव्हते. एक मन वावरात, एक मन लेकीत. असा माणूस फार बोलत नाही.

मतदानाच्या दिवशी पुंडलिकरावच्या वावरात डवरणी होती. कपाशी गुडघ्याएवढी झालेली, तिच्या ओळींमधले बरेच तास अजून डवरायचे होते. पुंडलिकरावची बायको शकुबाई आणि देवीलालची बायको नंदाबाई बाजूला निंदण करत होत्या. पुंडलिकरावने मोबाइल कापडी पिशवीत घालून माझ्या शिवळेला लटकवला होता. संसदेतला गोंधळ माझ्या लाकडातून घुमत होता. दोन्ही बैलांचे कान सारखे हलत होते.

दुपारी चारच्या सुमारास तिकडे घंटा वाजली आणि सभागृहाची दारे बंद झाली. पुंडलिकरावने डवरा थांबवला. बायकाही जवळ आल्या. बराच वेळ नुसता कालवा ऐकू आला. मग एक आवाज म्हणाला, बाजूने दोनशे बेचाळीस, विरोधात दोनशे एक्कावन्न, प्रस्ताव फेटाळण्यात आला.

पुंडलिकरावने डोक्याचा दुपट्टा काढून हवेत उडवला. "पडला! करार पडला!" गावाच्या बाजूनेही फटाक्यांचा आवाज आला.

मित्रांनो, आमच्या ग्रामसभेत हात एकदाच वर होतात. मोजले की विषय संपला. संसदेत आधी दुरुस्त्यांवर मतदान होते आणि मग मूळ प्रस्तावावर, हे आमच्यापैकी कोणाला माहीत असणार? जी फेटाळली गेली होती ती विरोधकांची दुरुस्ती होती. कापूस या करारातून वगळावा, एवढीच ती मागणी. म्हणजे ज्यावर पुंडलिकराव नाचत होता, ती त्याचीच हार होती. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण शीत दुसऱ्याच भांड्यातले निघाले.

नाचला ते ठीक होते. पण देवीलाल गप्प उभा होता, आणि त्याचे गप्प राहणे पुंडलिकरावला टोचले.

"काहून रे, तोंड काहून उतरलं तुयं?" तो म्हणाला. "कापूस पेरतं अन् परक्यायची बाजू घेतं?"

"भाऊ, मी बाजू नाई घेतली कोनाची," देवीलाल म्हणाला. "बबिताचं काम होतं तथी. बस."

तिथेच थांबता आले असते. शकुबाई म्हणालीसुद्धा, "जाऊ द्या ना आता, तास राह्यले अजून." पण पंधरा दिवसांचा पार पुंडलिकरावच्या डोक्यात शिरलेला होता.

"तुले वावराचं दुखणं काय समजन?" तो म्हणाला. "तुया बापजाद्यायनं दुसऱ्याचा माल वाह्यला. तू बी परक्यायचाच वाहशीन."

नंदाबाईच्या हातातला विळा खाली पडला.  ज्या पूर्वजांच्या गाण्या-गोष्टी देवीलाल बांड्याला ऐकवत असे, त्यांनाच कोणी वावरात उभे करून हिणवले होते, आणि तेही त्याच्या भाऊने. मला तेव्हा फार वाईट वाटले. लाकडाला हात असते तर मी पुंडलिकरावच्या तोंडावर ठेवले असते.

पुन्हा घंटा वाजली. आता मूळ करारावर मतदान होते. बाजूने दोनशे बावन्न, विरोधात दोनशे त्रेचाळीस. प्रस्ताव मंजूर. नऊ मतांनी. गावातले फटाके मध्येच थांबले. पुंडलिकरावने मोबाइल कानाशी नेला, पुन्हा ऐकले आणि मातीत बसला.

देवीलाल पुढे आला. त्याने बांड्याच्या बाजूची दोरी सोडली आणि त्याची मान माझ्याखालून काढली. माझे ते टोक धपकन जमिनीवर पडले. मोऱ्या दचकून बाजूला झाला.

"चौदा तास बाकी हायेत," पुंडलिकराव कसाबसा म्हणाला.

"माणूस पाहून घ्या, पुंडलिकराव," देवीलाल म्हणाला आणि बैल घेऊन बांधावरून निघून गेला. बावीस वर्षांत त्याने कधी 'भाऊ'शिवाय हाक मारली नव्हती.

कपाशीच्या ओळींमधले ते चौदा तास तसेच राहिले. त्यांत गवत माजले.

दुसऱ्या दिवशी शकुबाईने मोबाइलवर एक चित्र पाहिले. काल एकमेकांवर धावून जाणारे दोन्ही बाजूंचे खासदार एका टेबलाशी बसून चहा पीत हसत होते. तिने ते नवऱ्यासमोर धरले. "पाहा, हे चाय पिऊन राह्यले," ती म्हणाली, "अन् तुमी इथी सावड मोडून बसले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी."

 त्या दिवसापासून पुंडलिकराव मोऱ्याला वैरण टाकताना पुटपुटू लागला. "देवीलाल, माया तोंडून गेलं बापा. मले तसं नोतं म्हणायचं." कधी "बापा" म्हणे, कधी "भाऊ" म्हणे, कधी सगळे वाक्यच बदले. गोठ्याच्या भिंतीला टेकून मी रोज ते ऐकत होतो. पाठ झाले होते त्याला. पण पारावरचे लोक म्हणत, "तू कायले जातं? जितला तं तो हाये." तो काय जिंकला, हे मला अजून कळलेले नाही. कारखाना सुरू झाला, पण नवी मशीन आली आणि निम्म्याच मुलींना बोलावणे आले. त्या यादीत बबिताचे नाव नव्हते.

राहिलेल्या कामाला दोघांनीही ट्रॅक्टर सांगितला. एकाच माणसाचा ट्रॅक्टर, सकाळी याच्याकडे, दुपारी त्याच्याकडे. माझी कोणाला आठवण झाली नाही. घुशीने माझ्या एका टोकाखाली माती उकरून ठेवली.

असे बत्तीस दिवस गेले आणि पोळ्याची आदली संध्याकाळ आली. त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून सुजलेल्या खांद्याला कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानाने लावतात आणि बैलाला म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षी मोऱ्या आणि बांड्या एकाच अंगणात उभे राहत आणि दोन्ही मालक दोन्ही बैलांना मिळून आवतण देत. यंदा पुंडलिकरावने एकट्या मोऱ्याला हळद लावली. "आज आवतण घ्या," एवढेच तो म्हणाला. पुढचे त्याला म्हणता आले नाही.

मग तो गोठ्यात आला, मला उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि तांड्याच्या वाटेला लागला. तो पासष्टीचा माणूस. माझी शिवळ त्याच्या सदऱ्यावर घासत होती. मी हलका व्हायचा खूप प्रयत्न केला, पण लाकडाचे वजन लाकडाच्या हातात नसते. वाटेत पारावरचे दोघे भेटले, हसले. तो थांबला नाही.

देवीलाल अंगणात बसला होता. मागे बांड्याचा खुंटा होता. खुंट्याला दोर होता, बैल नव्हता.

"बांड्या कुठी हाये?" पुंडलिकरावने विचारले.

"परवाच्या बाजारात इकून देल्ला," देवीलाल म्हणाला. "महिनाभर तुमच्या वावराकडंच तोंड करून उभा राहे. चारा टाकला तं खाये नाई. मले पाहावलं नाई."

पुंडलिकराव तसाच उभा राहिला, मी त्याच्या खांद्यावर. बत्तीस दिवस पाठ केलेल्यातले एकही वाक्य त्याला आठवेना. शेवटी तो एवढेच म्हणाला, "माया तोंडून लय वंगाळ गेलं, देवीलाल."

"गेलं," देवीलाल म्हणाला.

त्याने उठून मला खाली उतरवून घेतले. पुंडलिकरावच्या सदऱ्याला रक्ताचा डाग पडला होता. देवीलालने तो पाहिला. नंदाबाईने सवयीने तूप-हळदीची वाटी गरम करून ठेवली होती. घरात बैल नव्हता, पण सण होता. देवीलालने ती वाटी घेतली, सदरा बाजूला केला आणि पळसाच्या पानाने पुंडलिकरावचा खांदा शेकू लागला. अगदी हळू, बांड्याचा शेकायचा तसा. दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते. नंदाबाई दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

हळद लावून झाली. पुंडलिकराव मान खाली घालून उभा राहिला. तो कशाची वाट पाहत होता ते मला कळले, देवीलाललाही कळले असणार. आवतणाचे दोन शब्द तर होते. देवीलालचे ओठ हलले. मग त्याने वाटी खाली ठेवली.

"अंधार पडून राह्यला," तो म्हणाला. "जा तुमी."

पुंडलिकराव एकटाच परत गेला. मी तेव्हापासून देवीलालच्या अंगणात आहे. आता कापूस वेचणी चालू आहे. पुंडलिकराव मला न्यायला आला नाही आणि देवीलालने मला परत धाडले नाही. राखी सुटीत घरी आली की माझ्यावर ओले कपडे वाळत घालते. माझी काही तक्रार नाही. कपड्यांचे ओझे ते काय ओझे.

मित्रांनो, मला घरात मांडून ठेवा, तेल लावा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. लाकूड आहे, एक दिवस चुलीत जाईन. पण ज्याच्यासोबत तुम्हाला उद्या सकाळी कामाला जायचे आहे, त्याला जपा. दिल्लीतल्या बातमीवरून खुशाल वाद घाला, मत वेगळे असू द्या, पण त्याच्या बापजाद्यांना मध्ये आणू नका. आणि तोंडून गेलेच, तर त्याच संध्याकाळी त्याच्या दारात जा, बोलता आले नाही तरी जा. वाक्ये जुळवत बसू नका. पुंडलिकराव फक्त तीन दिवस आधी गेला असता, तर बांड्या खुंट्यावर होता.