नात्याबाहेरचा माणूस

विद्यापीठाचा अर्ज म्हणजे नाव लिहायचं, गुण लिहायचे आणि खाली सही ठोकायची, अशी चष्मेवाल्यांची पक्की समजूत होती. त्यांनी स्वतः जन्मात असा अर्ज केला नव्हता, त्यामुळे समजुतीला धक्का बसायचं काही कारणही नव्हतं. बापाच्या हाताखाली काचा घासत ते मोठे झाले आणि बाप गेल्यावर त्याच खुर्चीवर बसले. रोज दुकानात हाताखाली काम करणाऱ्या लेकीने मात्र शाळा संपता संपता जाहीर केलं, की तिलाही डोळे तपासण्याचंच काम करायचंय, पण रीतसर शिकून, पदवी घेऊन, तेही पार दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात. चष्मेवाले दोन दिवस तोंड पाडून बसले. नंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, त्याने विचारलेलं नसताना, तेच सांगत सुटले.

तर अर्ज. लेक काउंटरवर फ्रेमांचे ट्रे बाजूला सारून लॅपटॉप घेऊन बसली होती, आणि तिची आई शेजारी चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू आवळत होती. गुण भरून झाले, का शिकायचंय तेही लिहून झालं, आणि मग गाडं अडलं. विद्यापीठाला लेकीबद्दल सांगणारी दोन माणसं हवी होती. त्यांना विद्यापीठ स्वतः फोन करणार होतं. एक शाळेतलं, त्याला विज्ञानाच्या बाईंनी आनंदाने होकार दिला होता. दुसरं शाळेबाहेरचं, नात्याबाहेरचं, आणि निदान तीन वर्षं तिचं काम जवळून बघत आलेलं.

"नात्याबाहेरचं म्हणजे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"म्हणजे आपलं कुणी लागत नाही असं."

आई खुदकन हसली. "या रस्त्यावर? बघ बाई शोधून."

तिचं हसणं खोटं नव्हतं. औषधांच्या दुकानातला तिचा मावसभाऊ. समोरची वह्या-पेनं विकणारी चष्मेवाल्यांची चुलतबहीण. कोपऱ्यावरचा शिंपी लेकीच्या मामीचा सख्खा भाऊ. जो तो इथल्या इथेच लग्न करून मोकळा झालेला.

"दातांचे डॉक्टर?" लेक म्हणाली.

"आत्याच्या जावेचे भाऊ," आई म्हणाली.

"ते फार लांबचं झालं."

"तुझ्या आत्याच्या लग्नात रुसून बसले होते, तेव्हा चांगले जवळचे होते."

मग तिघांची नजर एकदमच गेली ती दुकानाच्या मधोमध उभ्या असलेल्या प्लायवूडच्या भिंतीकडे. भिंतीच्या पलीकडे घड्याळवाले बसत. लेक त्यांना काका म्हणायची, आणि तिच्या सगळ्या काकांमध्ये खरोखर कुणीच न लागणारा हा एवढा एकच होता.

"त्याचं नाव काढायचं नाही," चष्मेवाले म्हणाले.

"मी कुठे काढलं?" लेक म्हणाली.

एके काळी ही भिंत नव्हती. एकच दुकान, डावीकडे चष्मे, उजवीकडे घड्याळं आणि डोक्यावर दोघांत मिळून एक पंखा. दोघं एका ताटात जेवले नसतील एवढंच. पण चष्मेवाल्यांना उकाडा सोसायचा नाही, आणि घड्याळवाल्यांना वारा. उघडलेल्या घड्याळाचे भाग एवढेसे, फुंकर मारली तरी उडणारे. म्हणून पंखा लावायच्या आधी सांगायचं, मग घड्याळवाले मांडलेल्या कामावर काचेचं झाकण ठेवणार आणि "लाव" म्हणणार, अशी दोघांची रीत होती. सात वर्षांपूर्वी एका दुपारी चष्मेवाले उन्हातून तापून आले आणि कुणाला काही न विचारता त्यांनी पंखा फुल सोडला. घड्याळवाल्यांपुढे तेव्हा त्यांच्या आईचं जुनं मनगटी घड्याळ उघडं पडलेलं होतं. आई नुकतीच गेली होती. त्यातलं एक चाक जे उडालं ते काही केल्या सापडलं नाही.

तिथेच चुकलो म्हणाले असते तर मिटलं असतं. पण चष्मेवाले म्हणाले, "एवढंसं तर चाक. दुसरं टाक."

त्यावर घड्याळवाले काही बोलले, त्यावर हे काही बोलले, आणि तोंडाला तोंड लागलं ते थेट सुताराला बोलावण्यापर्यंत गेलं. सुताराने भिंत उभी केली, पण पंखा नेमका मधोमध असल्यामुळे ती छतापर्यंत नेता येईना. वर हात-दीड हात फट राहिली आणि तिच्यात तो पंखा, कुणाचाच नाही असा. बटण चष्मेवाल्यांच्या बाजूला होतं. ते त्यांनी त्यानंतर कधी दाबलं नाही. आपल्यापुरता एक टेबलफॅन आणला आणि अबोला धरला.

आता मुदत जवळ येत चालली. माणूस मिळाला नाही तर अर्ज पुढे सरकणार नव्हता, आणि अर्ज सरकला नाही तर पोरीचं अख्खं वर्ष बसणार होतं. लेक बापाच्या पाठीमागे काही करणाऱ्यातली नव्हती. ती रोज दुकान उघडताना भिंतीकडे बघून एकदाच विचारायची, "जाऊ का?" आणि चष्मेवाले नकाराची मान हलवायचे. रडणं नाही, आदळआपट नाही. तिने भांडण काढलं असतं तर चष्मेवाल्यांना सोपं गेलं असतं, चार शब्द सुनावून मोकळे झाले असते. या नुसत्या विचारण्याने त्यांचा जीव मेटाकुटीला आला.

शेवटी बायको म्हणाली, "तुमचा अबोला तुमच्याजवळ ठेवा. तो पोरीच्या गळ्यात कशाला बांधता?"

"जा," दुसऱ्या दिवशी चष्मेवाले लेकीला म्हणाले. "पण माझ्यातर्फे आलीस असं म्हणू नकोस."

लेक गेली. चष्मेवाले एकच काच पुन्हा पुन्हा पुसत फटीखाली उभे राहिले.

"बापाला विचारलंस?" पलीकडून घड्याळवाल्यांचा आवाज आला.

"हो."

"काय म्हणाला?"

"त्यांच्यातर्फे आले असं म्हणू नको म्हणाले."

पलीकडे एक खण ओढल्याचा आणि परत लोटल्याचा आवाज आला.

"हे बघ भिंगरी," घड्याळवाले म्हणाले. एका जागी ठरत नाही म्हणून लहानपणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. "मी कुणाची भीड धरून बोलत नाही. विचारतील त्याचं खरं उत्तर देईन. चालेल?"

"चालेल, काका."

तिला चाललं, पण इकडे चष्मेवाल्यांना ते चालेना. खरं म्हणजे काय? सात वर्षं या माणसाने मनात काय काय साठवून ठेवलं असेल कुणास ठाऊक. बापाचा राग लेकीवर काढायला ही तर आयती संधी. चष्मेवाल्यांनी स्वतःला विचारलं, त्याच्या जागी मी असतो तर? आणि उत्तर काही फारसं बरं आलं नाही.

फोन दुपारी यायचा होता. लेक शाळेत दाखला आणायला गेली होती, आई घरी होती. पलीकडे घंटी वाजल्याबरोबर चष्मेवाल्यांनी काच घासायचं यंत्र बंद केलं. मग टेबलफॅनही बंद केला, कारण त्याची घरघर आड येत होती. तेवढ्यात एक गृहस्थ चष्म्याची निखळलेली काडी घेऊन आत शिरले. चष्मेवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना खांदा धरून खुर्चीत बसवलं. गृहस्थ बिचारे बसले.

घड्याळवाले हात कामात असले की फोन समोर ठेवून मोठ्या आवाजात लावत. त्यामुळे विद्यापीठातल्या बाईंचं बोलणंही फटीतून स्वच्छ येत होतं.

"या मुलीला तुम्ही कधीपासून ओळखता?"

"ती रांगत होती तेव्हापासून. माझ्या टेबलाखाली रांगायची."

"नात्यात आहे का?"

"नाही."

"पण घरोबा असेल. शेजारी म्हणजे लोक चांगलंच बोलतात, म्हणून विचारते."

"घरोबा?" घड्याळवाले म्हणाले. "तिच्या बापाशी मी सात वर्षं बोललेलो नाही. समोरून आला तर मी रस्ता बदलतो."

खुर्चीतल्या गृहस्थांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी छताकडे पाहिलं.

"अच्छा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा सावध झाला. "मग तिचं काम तुम्ही कसं पाहता?"

"तिचं टेबल दुकानाच्या काचेला लागून आहे, येता-जाता दिसतं. बाकीचं ऐकू येतं. आमची भिंत वरून उघडी आहे."

"एखादं उदाहरण सांगू शकाल?"

घड्याळवाल्यांनी हातातला चिमटा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दोन वर्षांपूर्वी एक बाई यायच्या. शिवणकामवाल्या. चष्मा नवा, नंबर बरोबर, पण सुईत दोरा जाईना आणि टाके दिसेनात. तिच्या बापाने तीनदा तपासलं. बाप कारागीर चांगला आहे, त्यात वाद नाही. घाईचा आहे. तिसऱ्या वेळी म्हणाला, बाई, डोळे काही बदलून मिळत नाहीत. बाई रडवेल्या झाल्या. तेव्हा ही पोरगी म्हणाली, मावशी, तुम्ही शिवायला कशा बसता ते मला दाखवा. त्यांना खुर्चीवर बसवलं, हातात फडकं दिलं आणि डोळ्यांपासून हातापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. बाई काम मांडीवर घेऊन बसायच्या. चष्मा केलेला पुस्तक वाचायच्या अंतराचा. काच चुकली नव्हती, विचारायचं राहिलं होतं. ते तिने विचारलं."

चष्मेवाल्यांना ती बाई आठवली. नवा चष्मा त्यांनीच करून दिला होता, आणि मावशी आशीर्वाद देत गेल्या होत्या तो यांनाच. लेक शेजारी उभी होती आणि काही बोलली नव्हती. त्यांना भयंकर लाज वाटली.

"आणि तिच्यात काय कमी आहे?" बाईंनी विचारलं.

"हट्टी आहे. बापावर गेली आहे. आणि स्वतःला काय हवं ते नुसतं विचारते, त्यासाठी भांडत नाही. तुमच्याकडे आली तर भिंगरीला जरा..." घड्याळवाले थांबले. "माफ करा. आम्ही तिला भिंगरी म्हणतो."

आम्ही. चष्मेवाल्यांनी हातातली काच खाली ठेवली.

"शेवटचं विचारते. अर्जात नसलेलं असं काही आम्हाला सांगावंसं वाटतं?"

चष्मेवाल्यांना वाटलं, आता हा बोलणार. पंखा, चाक, आई, सगळं आता निघणार.

"एक आहे," घड्याळवाले म्हणाले. "ती गेली की तिचा बाप दुकानात एकटा पडेल. आता त्याची नजरही पूर्वीसारखी राहिलेली नाही, बारीक काम तीच करते. हे तो कुणाला सांगत नाही, आणि ती तर अर्जात लिहिणारच नाही. पण तिचा पाय त्याच्यापायी अडकेल. तुम्ही तिला घेतलंत, आणि ती नको म्हणाली, तर तिला माझा एक निरोप द्या."

"काय सांगू?"

"म्हणावं, शेजारी आहे."

बाईंनी आभार मानले आणि फोन बंद झाला.

लेकीला पुढे जागा मिळाली, आणि ती नको म्हणाली नाही. पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चष्मेवाले काउंटरमागे उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. नजर कमी झाली आहे हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते या माणसाला कळलं होतं, न बोलता, रस्ता बदलून जाता-येता. एवढं लक्ष त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचं होतं? आणि आपण काय समजत होतो याला.

"झालं का हो?" खुर्चीतले गृहस्थ हळूच म्हणाले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "फार उकडतंय. तो वरचा पंखा बंद पडलाय का?"

"नाही," चष्मेवाले म्हणाले.

ते बटणापाशी गेले. बटणावर धुळीचा थर होता, तो त्यांनी अंगठ्याने पुसला. घसा दोनदा खाकरला. मग मान वर करून त्यांनी फटीकडे बघत विचारलं, "पंखा लावू का?"

पलीकडची खुर्ची करकरली.

"थांब," घड्याळवाले म्हणाले. "झाकण ठेवतो."

चष्मेवाले बटणावर बोट ठेवून थांबले.