आक्काला पुलापलीकडे नेताना

"परतीला तरी तो बेल्ट लावू नका, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "येताना तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो. आणि काच खाली घ्या."

"काच कशाला?"

"आवाज ऐकू यायला."

"कसला आवाज?"

ड्रायव्हरने आरशातून त्यांच्याकडे असं पाहिलं, की साहेबांनी मुकाट्याने काच खाली घेतली.

बेल्टचं मात्र जिवावर आलं. साहेब साबणाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. हेल्मेटशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, ओल्या फरशीवर कुणाला पळू द्यायचं नाही आणि दिसेल त्याला "सांभाळून" म्हणायचं, यात त्यांची हयात गेली होती. कामगार त्यांना पाठीमागे सांभाळूनसाहेब म्हणत. तोंडावरही म्हणत, पण तेव्हा जरा खोकून. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यात कुणी दगावलं नव्हतं. त्याचं श्रेय साहेब स्वतःकडे घेत. कामगार ते साबणाला देत.

"बेल्टने जीव वाचतो हो," साहेब म्हणाले.

"शांततेत वाचतो. इथे उडी मारायची वेळ आली, की अडकून राहाल."

साहेबांनी बेल्ट सोडला. अंगावरचा शर्ट काढून ठेवल्यासारखं त्यांना वाटलं.

लढाई आक्काच्या गावाच्या वेशीला येऊन टेकली होती. नदीवरचा पूल संध्याकाळी बंद होणार होता. पुन्हा कधी उघडेल, ते कुणी सांगत नव्हतं. अलीकडे राहणाऱ्यांचं काय होईल, ते मात्र सगळेच सांगत होते. म्हणून साहेब सकाळी बहिणीला न्यायला आले होते. गाडी दारात उभी, दुपार कलली, तरी बहीण अजून कड्या लावत होती.

"आक्का, चल की!"

"मागच्या खिडकीची कडी बघते. चोर शिरायचे."

"अगं, रणगाडे येतायत!"

"रणगाडे दारातून येतात. चोर खिडकीतून."

आक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. त्यात तिचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलंच तर "लाइन बिझी होती" एवढंच सांगायची. ताठ बसायची, ताठ चालायची आणि कुणाचं काही घ्यायची नाही. आज तिने ठेवणीतले फिकट पिवळे कपडे घातले होते. घर सोडायचंच, तर माणसासारखं सोडावं, असं तिचं म्हणणं.

साहेबांनी उतरून तिला मागे बसवलं, स्वतः शेजारी बसले, दार ओढून घेतलं. गाडी सुटली.

ड्रायव्हर बडबड्या होता. घाबरला की जास्त बोलायचा, आणि आज तो श्वास घ्यायलाही थांबत नव्हता.

"डांबर सोडून पाऊल टाकायचं नाही. कडेला सुरुंग असतात. आणि वरून आवाज आला, की उडी मारून कडेच्या नाल्यात पडायचं."

"पण कडेला सुरुंग असतात ना?"

"असतात."

"मग?"

"वरचं आलं की खालच्याचा विचार करायचा नाही."

साहेबांनी असले नियम कारखान्यात लावले असते, तर पहिल्याच दिवशी संप झाला असता. इथे त्यांनी मान डोलावली. मान आपोआपच डोलत होती.

रस्त्यावर कुणी नव्हतं. एक दुकान उघडं होतं, पण त्याला समोरची भिंत नव्हती. एका घराच्या गच्चीवर कपडे वाळत होते. ते घालणारे कुठे असतील, हा विचार साहेबांनी मनात येऊ दिला नाही. एक बस जळून काळी झाली होती. तिच्याजवळून जाताना ड्रायव्हर पहिल्यांदाच गप्प झाला. मग आवाज आला. लांबून, वरून, कुणीतरी आभाळात शिलाई मशीन चालवत असल्यासारखा.

गाडी कचकन थांबली. "उतरा! नाल्यात!"

साहेब उतरले. आपण इतक्या चपळाईने उतरू शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते धावले, पडले, चिखलात तोंड खुपसलं. शेजारी ड्रायव्हर येऊन आदळला. तिसरं कुणी आलं नाही.

साहेबांनी मान वर केली. आक्का गाडीत बसली होती. ताठ. तिच्या छातीवरून खांद्यापर्यंत काळा पट्टा गेला होता.

तो कुणी लावला, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. दार ओढताना साहेबांच्या हातांनी सवयीने तो लावला होता, खट्. हातांनी डोक्याला विचारलंच नव्हतं.

"साहेब, जाऊ नका!" ड्रायव्हर ओरडला.

साहेब गेले. ओल्या गवतावरून पळत गेले. लाल बटण दाबलं. दाबलं, पुन्हा दाबलं. आक्काच्या कपड्यांचं टोक खाचेत अडकलं होतं. बोटं घामाने घसरत होती. शिलाई मशीन आता अगदी डोक्यावर होतं, टाका घालायला जागा शोधत.

"छोट्या, तू हो बाजूला."

"गप्प बस गं."

"ऐक माझं. पळ."

साहेबांचे पाय पळायला एका पायावर तयार होते. हातांनी बेल्ट धरून ठेवला म्हणून पाय थांबले, एवढंच. डोळे मिटून ते तिच्या अंगावर ओणवे झाले.

स्फोट पुढच्या वळणापलीकडे झाला. गाडी हलली, कान बंद झाले, टपावर मातीचा सडा पडला. मशीनचा आवाज हळूहळू विरत गेला.

ड्रायव्हरने येऊन चाकूने बेल्ट कापला. पुलापर्यंत आक्का खिडकीबाहेर बघत राहिली. साहेबांनी दोनदा "लागलं का?" विचारलं.

पुलाच्या तोंडाशी वाळूची पोती रचली होती. सूर्य टेकला होता. सैनिक काटेरी तारेचा अडसर ओढायच्या तयारीतच उभे होते.

"सगळे खाली! हात दिसू द्या!"

ड्रायव्हर उतरला. साहेब एक पाय बाहेर टाकून वळले. आक्का हलली नाही.

"आक्का, उतर."

"मी नाही उतरणार."

"मागे कोण आहे? खाली या!" सैनिकाने बंदूक उचलली. पोरसवदा होता. बंदुकीची नळी थरथरत होती, आणि थरथरणारी नळी ही सगळ्यात वाईट.

"आक्का, अगं गोळी घालतील!"

"घालू देत." मग ओठ न हलवता, साहेबांनाच ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मघाशी कपडे खराब झाले रे माझे. एवढ्या पुरुषांत कशी उतरू?"

साहेबांनी तेव्हा सीटकडे पाहिलं. फिकट पिवळ्या कपड्यांवरचा डाग पाहिला. उभ्या जन्मात ज्या बाईचं कुणी काही पाहिलं नव्हतं, ती मान खाली घालून बसली होती.

"शेवटचं सांगतोय!"

ड्रायव्हरच्या सीटमागे पाण्याची बाटली होती. साहेबांनी ती उचलली आणि वाकून अख्खी आपल्या मांडीवर ओतली. थोडं पाणी आक्काच्या सीटवर जाईल, असंही बघितलं. मग दोन्ही हात वर करून ते रस्त्यावर उभे राहिले. पँटमधून बुटांत पाणी ठिबकत होतं.

"साहेब, मारू नका. मला झालंय."

"काय झालंय?"

"भीतीने... झालं. तिकडे बॉम्ब पडला तेव्हा. बहिणीच्या अंगावरही गेलं. ती चिडलीय माझ्यावर, म्हणून उतरत नाही."

सैनिकाने त्यांना वरून खाली पाहिलं. बंदूक जरा खाली आली.

"काम काय करता?"

"सेफ्टी ऑफिसर."

पुलावर हसू फुटलं. एकाने दुसऱ्याला हाक मारून बोलावलं, "अरे, इकडे ये, सेफ्टी ऑफिसर बघ!" पोरगा इतका हसला, की डोळे पुसायला त्याने बंदूक खांद्याला अडकवली. ड्रायव्हरही हसला. त्याला हसावंच लागलं असावं. त्या हसण्यात आक्का उतरली, हात दिसतील असे धरून, आणि तिच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे साहेबांकडेच बघत होते.

"जा, जा," पोरगा म्हणाला. "पलीकडे पँट मिळेल."

पलीकडे एका शाळेत पूल ओलांडून आलेल्यांची सोय केली होती. बाकं भिंतीला लावली होती. आक्का कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली ती उठेचना. एक बाई कपड्यांचा गठ्ठा घेऊन फिरत होती. त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"कोरडे कपडे हवेत का कुणाला?"

साहेब काही बोलणार, तोच आक्काचा जुना, एक्स्चेंजमधला आवाज आला.

"याला द्या. लहानपणापासून असाच आहे."

बाईला हसू आलं. तिने साहेबांच्या हातात एक पँट ठेवली. साहेबांनी गठ्ठ्यातून आणखी एक लांब झगा आणि चादर ओढून घेतली. झगा न बघता आक्काच्या मांडीवर ठेवला. मग चादर उलगडली, तिच्या कोपऱ्यासमोर दोन्ही हातांनी आडवी धरली आणि तोंड वर्गाकडे करून, पाठमोरे उभे राहिले.

चादर हळूहळू खाली येत होती. समोर माणसं येत-जात होती, त्यांच्या ओल्या पँटकडे बघून नजर वळवत होती.

"जरा वर धर रे," मागून आवाज आला.

साहेबांनी चादर वर धरली.