तुरीत गेलेल्या दोन गाड्या

मांजरसुंब्याच्या चौकात गहिनीनाथाची बैलगाडी आणि चाँदची बैलगाडी एकमेकींवर आदळल्या, त्याला आठवडा होत आला होता. दिवसभरात मोजक्या गाड्या आणि चुकून एखादा निजामाचा घोडेस्वार जायचा, अशा रिकाम्या वाटा त्या. तिथं नेमक्या ह्याच दोन गाड्या कशा भिडाव्यात? पण विचारायची सोय नव्हती. विचारलं की गहिनीनाथ म्हणायचा, "मी तर उभा होतो. त्यानंच येऊन घातली." आणि चाँदला विचारावं, तर तो कानाच्या पाळीला हात लावून म्हणायचा, "अल्लाकसम, मी उभा होतो. ह्योच आला अंगावर."

घ्या! दोन्ही गाड्या उभ्या, आणि तरी दोघी मिळून बायनाबाईच्या तुरीत जाऊन पडल्या! गाव पोट धरून हसलं. बायनाबाई तेवढी हसली नाही, कारण तूर तिची होती.

गहिनीनाथाला मात्र घास गिळत नव्हता. चाँद काही त्याचा नुसता शेजारी नव्हता. दोघं एका विहिरीत पोहायला शिकले, एका झाडावरून पडले, एकाच मौलवीच्या आणि एकाच पंतोजीच्या हातचा मार खाल्ला. चाँदची लेक सईदा चालायला शिकली ती गहिनीनाथाचं बोट धरून. 'मामू' म्हणायची त्याला. तिला सासरी पोचवायची गाडी मामूच हाकणार, मामूच्याच खिलारी जोडीची, हे ती परकर सावरत हिंडायची तेव्हापासून ठरलेलं. आणि आता येत्या जुम्म्याला तिचा निकाह. गाड्या भिडल्या त्या दिवशी तुरीत उभं राहून, सीताफळाच्या गरानं दाढी माखलेली, अशा अवतारात चाँद ओरडला होता, "माझ्या पोरीच्या गाडीला तुझे बैल लागणार न्हाईत!" आणि हा शहाणा उलट ओरडला होता, "कुणाला पडलीया!"

पडली होती. त्यालाच पडली होती, आणि कुणाला?

खरं काय ते गहिनीनाथाला पुरतं ठाऊक होतं. तो उभाबिभा काही नव्हता. तो नेकनूरच्या बाजारातून कडब्यानं भरलेली गाडी घेऊन येत होता, आणि उतारावरून त्याला चौसाळ्याच्या वाटेवर धुरळा दिसला. त्या धुरळ्याच्या रंगावरून त्यानं ओळखलं, हा चाँदच. सीताफळं भरून घरी निघालाय. मग काय विचारता! चौकातल्या लिंबापाशी आधी कोण पोचतं, हा दोघांचा मिसरूड फुटल्यापासूनचा खेळ. गहिनीनाथानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या, "हाऽऽ माझ्या राजा!" म्हणून आरोळी दिली, आणि गाडी अशी सोडली की कडब्याच्या पेंढ्या मागं उडत राहिल्या. त्याची वाट उगवतीकडून मावळतीला, चाँदची खालून वर बीडकडं. चौकात दोघांनाही थांबवेना. चाकात चाक अडकलं, बैल मानेची जोती तोडून बाजूला पळाले, आणि गाड्या तशाच मिठी मारून तुरीत.

मग कबूल का करू नये माणसानं? तर तिथंच सगळं अडलं होतं. मागल्या साली ह्याच खेळात गाडी पलटून त्याचा हात मोडला होता, आणि सत्यभामेनं, त्याच्या बायकोनं, त्याचा दुसरा धडका हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला होता. "घ्या माझ्या डोक्याची शपथ. परत बैल पळवणार न्हाई म्हणा." त्यानं म्हटलं होतं. आता कबूल केलं तर शपथ मोडली हे बायकोला कळणार, आणि मोडलेली शपथ बायकोच्या डोक्यावर उतरणार. चाँदला तर तो हे मेला तरी सांगता ना. बायकोनं शपथ घातली म्हणून बैल हळू हाकतो, हे दोस्ताला सांगायचं म्हणजे अब्रूच गेली की! तेव्हा तो रोज सकाळी सत्यभामा उठली, शिंकली नाही, खोकली नाही, एवढं बघायचा आणि दिवसभर खोटं बोलायचा.

बुधवारी दुपारी सत्यभामा खळ्यात जवारी वाळत घालून बसली होती. गहिनीनाथ आला तशी ती म्हणाली, "अवं, जरा घरातले दोन पाट आणा. आन् तो लोखंडी खलबत्ता."

"कावून?"

"आणा तर."

आणले. तिनं जवारी हातानं सारखी केली. एक पाट उगवतीला त्याच्यापुढं ठेवून त्यावर खलबत्ता ठेवला, दुसरा खालच्या अंगाला आपल्यापुढं घेतला. "ही तुमची गाडी, कडब्यानं जड. ही चाँदभाईची, हलकी. तुमी म्हणता तुमी उभं होता. ऱ्हावा उभं." आणि तिनं आपला पाट दाणकन ढकलला. दाण्यांवरून पाट सरसर गेला, उभ्या पाटाला धडकला, आणि दोन्ही मिळून तिनं ढकललं त्याच रोखानं सरळ थोडे सरकले. जवारीत एक सरळ चरी उमटली.

"बघा. तुमी उभं असता तर दोन्ही गाड्या बीडच्या वाटेनं गेल्या असत्या."

"म्हंजी तो उभा होता म्हणतीस?" गहिनीनाथानं विचारलं.

"ढकला तुमची."

त्यानं ढकलली. खलबत्त्यासकट पाट गेला, तिच्या उभ्या पाटाला घेऊन मावळतीकडं, पाटोद्याच्या वाटेला सरळ. तिथंही तूर नव्हती. बायनाबाईचं वावर दोन वाटांच्या मधल्या कोपऱ्यात.

"आता दोघं मिळून."

दोघांनी ढकलले. पाट भिडले आणि तिरके निघाले, पण खलबत्त्याच्या भारानं मावळतीच्या बाजूला झुकून. सत्यभामा मान हलवून म्हणाली, "न्हाई. तूर तर ऐन मधी झोपलीय, मी बघून आले." तिनं पदर खोचला आणि ह्या खेपेला आपला हलका पाट त्याच्याहून कितीतरी जोरानं ढकलला. तेव्हा कुठं दोन्ही पाट बरोब्बर मधल्या कोपऱ्यात गेले.

गहिनीनाथ त्या तिरप्या चरीकडं बघत राहिला.

"आन् जोर काय हवेत विरतो?" सत्यभामा म्हणाली. "तुमचा आख मोडला, त्याच्या आऱ्या मोडल्या, तूर झोपली, सीताफळाचा चिखल झाला. एवढं सगळं मोडायला दोन गाड्यांचा जोर लागतो, मालक. उभ्या गाडीत कुठला आलाय?"

त्यानं खाली बसून डोक्याला हात लावला. "पळवली मी," तो म्हणाला. "तुझ्या डोक्यावर हात ठिवला होता. तुला काय झालं असतं म्हंजी?"

"काय झालंय? शपथ मोडल्यापासून दोन पायली जादा दळलंय मी." तिला हसू आवरेना, पण डोळे भरले होते. "माझ्यापायी एवढं भ्यालात?"

"भ्यालो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असलं काही त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मग एकाएकी गहिनीनाथ ताडकन उठला. "पण थांब! म्हंजी त्योबी पळवत होता! आन् माझ्याहून जोरात! आत्ता जातो आन् सगळ्या गावापुढं सांगतो त्याला..."

"जा की. पण एक ऐका. हजराबी मला काल बोलली." हजराबी म्हणजे चाँदची बायको. "तिनंबी मागल्या सालीच चाँदभाईकडून शपथ घेतलीय. तिच्या न्हाई, सईदाच्या डोक्यावर हात ठेवून."

गहिनीनाथ उभा होता तो परत बसला. परवा ज्या पोरीचं लग्न, तिच्या डोक्यावर बापानं मोडलेली शपथ. चाँद खोटं का बोलत होता ते त्याला आता आतून कळलं. आपण एका आठवड्यात वाळलो, तर त्याचं काय झालं असेल?

तो तसाच निघाला. चाँदच्या दारात मांडव घालत होते, भावकी जमली होती, हजराबी तांदूळ निवडत होती, उंबऱ्याआड हळद लावलेली सईदा बसली होती. चाँद त्याला बघून ताठ झाला.

गहिनीनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "चाँद, चूक माझी हाय. बैल मी पळवले. तू उभा होतास."

हजराबीनं सूप खाली ठेवलं. "क्या जी भाई, इतने बड़े हुए, अक्कल कब आएगी तुमको? हमारे बिचारे खड़े थे, और तुम!" तिनं त्याला मनसोक्त झापलं. तो मान खाली घालून उभा राहिला आणि बरं वाटत होतं त्याला. आतून सईदा हलकेच म्हणाली, "अम्मी, बस कर ना. मामू हैं."

चाँद आला आणि गहिनीनाथाचा दंड धरून त्याला मांडवामागं घेऊन गेला.

"कावून बे?" त्यानं विचारलं.

"पोरीचं डोकं कवळं हाय. माझ्या बायकोचं लई टणक हाय, सोसंल तिला."

चाँदनं उपरण्यात तोंड घातलं. मग डोळे पुसत तो कुजबुजला, "पण उभा होतास कशाला म्हणालास बे? हळू होतास म्हणायचं. मी तुझ्या पुढं होतो."

"ठावं हाय," गहिनीनाथ म्हणाला. एवढं मात्र त्याला खरंच जड गेलं.

जुम्म्याच्या संध्याकाळी सईदा नव्या आखाच्या गाडीत बसली. खिलारी जोडीच्या शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरं. पुढं नेकनूरचं वऱ्हाड. वेशीपाशी माणसं थांबली, हजराबी थांबली, सत्यभामा तिला धरून रडली. चाँद थांबला नाही. तो गाडीची कडणी, बाजूचा दांडा, धरून चालत राहिला, आत लेकीचा मेंदीचा हात कडणीवर, बापाच्या हाताखाली.

गहिनीनाथानं मागं वळून बघितलं नाही. त्यानं कासरा आवळला. बैल ताजेतवाने, फुरफुरत होते, त्यांना उधळायचं होतं. त्यानं त्यांना पावलापावलावर रोखलं. वऱ्हाड लांब गेलं, मग थांबलं. एक पाहुणा घोडा वळवून मागं आला नि वैतागून म्हणाला, "अहो, अंधार पडतोय. एवढी सावकाश? बैल थकलेत का तुमचे?"

"हो," गहिनीनाथ म्हणाला, "लई थकलेत बिचारे."