मूठभर तांदळाची परीक्षा

"मिक्सर आहे की आपल्याकडे, ग्राइंडर कशाला?" रुचिताचा नवरा चंदन म्हणाला. तिनं मिक्सरचं भांडंच त्याच्या नाकाखाली धरलं. अर्धी कॉफी भुकटी, अर्धी खडे. बाळंतपणाच्या रजेवर निघताना ऑफिसातल्या मैत्रिणींनी दिलेलं एस्प्रेसोचं मशीन असल्या दळणावर नुसतं कडू पाणी ओकत होतं. त्याला दळण हवं रव्याहून बारीक, पिठाहून किंचित खरखरीत, आणि सगळं एकसारखं. पाती नुसते तुकडे करतात. कॉफी जात्यासारखी दोन दातेरी चकत्यांमध्ये भरडावी लागते.

"मग या महिन्यात काय ते कर. नाहीतर मशीनच विकून टाकू. ओट्यावर ईराच्या बाटल्यांना जागा नाहीये."

तो चुकीचं बोलत नव्हता, हाच तर वैताग होता. पण दुपारी ईरा झोपली की मिळणारा तो एक कप, एवढंच तिचं स्वतःचं असं उरलं होतं. बाकी सगळी रुचिता आठ महिन्यांच्या त्या लबाडानं खाऊन टाकली होती.

नव्या ग्राइंडरच्या किमतीकडे बघवत नव्हतं. शेवटी मोबाइलवर समुद्रकाठच्या उत्तन गावातल्या ज्युलिएट नावाच्या बाईंची जाहिरात सापडली. 'कॉफीचा ग्राइंडर, थोडाच वापरलेला, लवकर न्या.'

लवकर का? रुचिताच्या मनात पाल चुकचुकली. जुना पाळणा घेतला तेव्हाही समोरच्याला अशीच घाई होती, आणि घरी आल्यावर पाळणा एका अंगाला कलला होता. आईनं फोनवर उपाय सांगितला. "मूठभर तांदूळ घेऊन जा. फिरव नि वास घे. आधी मसाला वाटला असेल तर पीठ लगेच चुगली करतं."

मग हाटकेशच्या घरातून ती निघाली. ईरा पोटाशी बांधलेल्या पिशवीत, तांदळाची डबी खांद्यावरच्या पिशवीत.

ज्युलिएट आंटींच्या अंगणात बोंबील वाळत होते. वास थेट घरात शिरलेला. 'झालं,' रुचिता मनात म्हणाली, 'आता बोंबलाची कॉफी.'

"ये गो, उन्हातून आलीस बाळाला घेऊन," आंटी म्हणाल्या, पण नजर फाटकाकडे. ग्राइंडर टेबलावर टॉवेलखाली झाकलेला. "बघ, नवाच हाय. घेऊन जा, मी पिशवी देते."

"चालवून बघू ना आधी."

"चालतो गो! मी काय खोटं बोलते?" पुन्हा फाटकाकडे नजर.

आता मात्र रुचिताची खात्री पटत चालली. चोरीचा? जळका? टॉवेल दूर करून तिनं नाक लावलं. वास कॉफीचाच होता, पण अंगणातल्या बोंबलांपुढे नाकाचा तरी काय भरवसा? तिनं डबी काढली आणि तांदूळ ओतायला वाकली.

आंटींनी झडप घालून तिचा हात धरला. "तांदूळ न्हाय!"

ईरा झोपेत दचकली. दोघींनी तिला थोपटलं. मग रुचिता हळू आवाजात, पण दातओठ खात म्हणाली, "काय लपवताय, आंटी?"

"लपवते काय! पयला ग्राइंडर मीच मारला तांदळानं. साफ होईल म्हटलं, मिक्सरसारखा. कच्चा तांदूळ कडक, आत अडकला, मोटारच बसली. नॅथननं, माझ्या पोरानं, मग हा दुसरा पाठवला."

"मग कॉफीच घाला की."

"कॉफी न्हाय घरात."

"कॉफीचा ग्राइंडर आहे आणि कॉफी नाही?" रुचितानं पिशवी खांद्याला लावली. "येते मी."

तेवढ्यात फाटक वाजलं. आंटींनी कपाळाला हात लावला. "आला. मॅन्युएल, माझा नवरा. डॉक्टरनं त्याची कॉफी बंद केलीय गो, छातीत धडधडतं. हा बाजारात गेलाय तवर जाऊ दे म्हटलं हे, तर तू तांदूळ घेऊन बसलीस!"

मॅन्युएल अंकलनी दारातूनच सगळं पाहिलं. टेबल, टॉवेल, परकी बाई, तिच्या छातीशी झोपलेलं बाळ.

"विकतेस?"

"विकते."

"पोरीला चालवून दाखवलास?"

"कशावर दाखवू? दाणा न्हाय घरात."

अंकल बाजाराची पिशवी खाली ठेवून वळले. मग अंगणात गेले, कोपऱ्यातल्या जुन्या जाळ्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. "बाळाला घेऊन एवढ्या लांब आली. फसवली असं नको व्हायला."

"जाळ्यांत!" आंटी किंचाळल्या, आणि ईराकडे बघून आवाज गिळला. "आणि मी मेली गादी उसवून बघितली!"

अंकलनी डब्यातले मूठभर कॉफीचे दाणे ग्राइंडरमध्ये घातले. घरघर झाली, ईरानं एक डोळा उघडला, नापसंतीनं मिटला. रुचितानं दळण चिमटीत चोळलं. रव्याहून बारीक, पिठाहून खरखरीत, एकही खडा नाही. तिला एकदम कुणाच्या तरी गळ्यात पडावंसं वाटलं. गळ्यात आधीच ईरा होती, म्हणून तिनं तिच्याच टाळूवर ओठ टेकले.

"डबा पण ने," अंकल म्हणाले, आणि द्यायच्या आधी एकदा, डोळे मिटून, त्याचा वास घेतला.

आंटींनी डबा हातातून काढून हलवून पाहिला. "अर्धाच भरलाय. बाकीचे कुठं हायत?"

"प्यालो."

"की दुसरा डबा हाय?"

पैसे देऊन, ग्राइंडर घेऊन रुचिता फाटकाबाहेर पडली तरी आंटी जाळ्यांचा ढीग उपसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईरा झोपल्यावर रुचितानं बेडरूमचं दार लावलं, ग्राइंडरखाली टॉवेलची घडी घातली आणि बटण दाबलं. घरघर थांबली. आतून रडण्याचा आवाज नाही. कप भरला, वर तांबूस फेस धरला, तरी आवाज नाही. एवढी शांतता? कप तसाच ठेवून ती धावली.

ईरा हात डोक्यावर टाकून गाढ झोपली होती. रुचितानं तिच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतोय ना ते पाहिलं, आणि मग आणखी थोडा वेळ नुसतीच बघत राहिली.

परत आली तेव्हा कॉफी कोमट झाली होती. ओट्याला टेकून तिनं ती सगळी प्यायली, सावकाश. मग पिशवीतली तांदळाची डबी काढली आणि ईराच्या पेजेसाठी तांदूळ धुवायला घेतले.